भाऊ पुढच्या भागात निघालाय, फोनवर फक्त "ठीक आहे" म्हणतो. जाताना या पोरांच्या मनात काय चालतं?

थोरली:

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, पायदळात. वय बावीस. भरती होऊन तीन वर्षं झाली. आतापर्यंत शांत ठिकाणी होता, आता त्याची पलटण पुढे जातेय. कुठे आणि कधी ते त्याने सांगितलेलं नाही, आणि माहीत असतं तरी मी इथे लिहिलं नसतं.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. एक मिनिट पन्नास सेकंद. फोन ठेवल्यावर मी मोबाईलमध्ये बघितलं. त्यातला बराचसा वेळ मीच बोलत होते. शेवटी न राहवून विचारलं, "भीती वाटते का रे?" थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणतो, "ताई, गच्चीवरच्या टाकीचा बॉल बदलला का?"

मागच्या रजेत त्याने तो बॉल बदलायला काढला होता आणि काम अर्धवट राहिलं होतं. टाकी भरली की पाणी वाहतं. पण मी इकडे रात्र रात्र जागी आणि हा टाकीचं विचारतोय. मला राग आला. "ते राहू दे, तू कसा आहेस ते सांग," असं जरा चिडूनच म्हणाले. तो "ठीक आहे" म्हणाला आणि फोन संपला.

आता राहून राहून वाटतं की माझं चुकलं. पण नेमकं काय चुकलं ते कळत नाही. इथे कोणी असं गेलेलं असेल तर सांगाल का? जाताना मनात काय असतं? तो माझ्यापासून काही लपवतोय का? त्याला बोलतं करायचं की नाही?

रणझुंजार:

ताई, रडू नका. तुमचा भाऊ वाघ आहे आणि वाघाला भीती ठाऊक नसते. त्याला फोनवर सांगा, सगळ्या देशाला तुझा अभिमान आहे. घरच्यांनी कणखर राहिलं की जवान कणखर राहतो. सलाम.

गाडीवान:

थोरली, तुला एकेरीत लिहितो, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होतो. १९९९ च्या कारगिलच्या लढाईत, जून-जुलैमध्ये, सोनमर्गहून झोजिला खिंड ओलांडून द्रासकडे गाडी नेत होतो. तेव्हा मी एकवीस वर्षांचा. आधीच सांगतो, त्या लढाईत मी एकही गोळी झाडलेली नाही. शिखरं ज्यांनी घेतली ती पोरं वेगळी. मी त्यांना आणि त्यांचं सामान वर पोचवत होतो. पण तू "जाताना" काय वाटतं ते विचारलंस. बहुतेकांचं जाणं एकदाच होतं, माझं रात्रीमागून रात्र होत होतं. म्हणून लिहायला बसलो.

पहिल्यांदा आतून हाललो ते तोफेच्या आवाजाने नाही. निघण्याआधी क्लार्क साहेबांनी एकेकाला बोलावून कागद तपासले. घरचा पत्ता बरोबर आहे का, वारस कोण. मी म्हणालो, आई. आईचं वय? मला सांगता येईना. एकवीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं वय मला माहीत नव्हतं. मागे रांग उभी होती. मी अंदाजाने पंचेचाळीस सांगितलं आणि बाहेर आलो. त्या रात्री मरणाचा विचार फारसा आला नाही, पण आईचं वय माहीत नाही ही लाज मात्र झोपू देईना. पुढे रजेवर गेल्यावर तिला विचारलं. तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

आमचे एक हवालदार होते, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. लढाईवर असलेल्या शिपायाला दोन साक्षीदारांसमोर तोंडी मृत्युपत्र करता येतं, हे मला त्यांनी सांगितलं. १९२५ च्या उत्तराधिकार कायद्यात ती सोय आहे. कागद नको, सही नको, बोललेला शब्द पुरतो. ते ऐकल्यावर तंबूतल्या दोघांनी खरंच केलं. एकाने आपलं घड्याळ दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने आपला रेडिओ. सुरुवातीला हसत होते. मग पहिल्याने विचारलं, "आणि हे घरी कोण सांगेल?" तिथे दोघांचंही हसू थांबलं.

त्याच रेडिओवर ८ जूनला आम्ही विश्वचषकाची मॅच ऐकली. मँचेस्टर, भारत विरुद्ध पाकिस्तान. इकडे डोंगरात तोफा आणि तिकडे क्रिकेट. आपण ४७ धावांनी जिंकलो तेव्हा तळावर जो आरडाओरडा झाला तो मला अजून ऐकू येतो. अनोळखी पोरांनी एकमेकांना उचललं होतं. पण तास-दीड तासाने मी तंबूबाहेर आलो तर जो तो आपापल्या पिठ्ठूशी, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशवीशी, काहीतरी करत बसलेला. कोणी बुटाची नाडी काढून परत ओवतोय, कोणी पट्टा आवळतोय, सैल करतोय, पुन्हा आवळतोय. मॅच चालू होती तोपर्यंत उद्याची रात्र लांब होती. मॅच संपली आणि ती एकदम जवळ आली.

आता रस्त्याचं सांगतो. झोजिला साडेअकरा हजार फुटांच्या वर. पलीकडे उतरलं की गुमरी, मटायन, मग द्रास. द्रासच्या डोक्यावर तोलोलिंगचं शिखर, आणि ते तेव्हा पाकिस्तान्यांच्या ताब्यात होतं. वर बसलेल्याला रस्ता सरळ दिसायचा. त्याने फक्त जागा सांगायची, तोफ डोंगराच्या पलीकडून मारायची. म्हणून उघड्या टप्प्यात गाड्या रात्री काढायच्या, दिवे बंद करून. फौजी ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियलचा गोळा असतो, तो पांढरा रंगवलेला असतो. अंधारात पुढच्या गाडीचा तो पांढरा गोळा धरून चालायचं. दरी नाही, डोंगर नाही, आकाश नाही, फक्त तो गोळा. त्यात अमावास्या जवळ आलेली.

अशा वेळी मनात काय असतं? तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. हात गार, पण पाठ घामाने ओली. लघवीला जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटतं, आणि हे सगळ्यांचंच होत असतं, म्हणून कोणी कोणाला काही म्हणत नाही. आणि डोक्यात एकच: गाडी बंद पडू नये. तोफगोळा येईल याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही की माझी गाडी चढावर बंद पडली तर मागची सगळी रांग उघड्यावर अडकेल आणि ती माझ्यामुळे अडकेल. पुढे पायदळातल्या पोरांशी बोललो तेव्हा त्यांचंही तेच निघालं, शब्द वेगळे. "पाय उचललाच नाही तर? बाजूचा पुढे गेला आणि मी मागेच राहिलो तर?" मरणाचं कोणी फारसं बोलत नाही. आपण कमी पडू, आणि ज्यांच्याबरोबर एका ताटलीत जेवलो त्यांच्यासमोर कमी पडू, हे मात्र पोखरत असतं.

आणखी एक सांगतो, कारण हे घरी कोणी सांगत नाही. बरंही वाटत असतं. एकवीस वर्षांच्या पोराला पहिल्यांदा वाटतं की आपण लागतो, आपल्यावाचून अडेल. अंगात एक झिंग असते. आणि मग त्या झिंगेचीच लाज वाटते, कारण खाली येणाऱ्या गाडीत स्ट्रेचर असतात. भीती, झिंग, लाज एकाच तासात येऊन जातात. तुझ्या भावाला विचारलंस "कसं वाटतं", तर यातलं नेमकं कोणतं त्याने एक मिनिट पन्नास सेकंदांत सांगायचं?

आता तुझ्या टाकीकडे येतो.

माझ्या पहिल्याच रात्री पायदळातलं एक पोरगं माझ्या शेजारी केबिनमध्ये बसलं होतं. माझ्याहूनही लहान असावं, मिसरूड फुटत होती. बाकीचे मागे होते. त्या पोराने निघाल्यापासून गाडीबद्दल विचारायला सुरुवात केली. टाकीत डिझेल किती मावतं? इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलता? चढावर कोणता गिअर? ब्रेक हवेचा की तेलाचा? मला त्या गोळ्यावरून नजर काढता येत नव्हती, आणि हा थांबेना. मला वाटलं, याला ड्रायव्हिंग शिकायचंय. एकदा मी खेकसलो, "गप बस ना जरा." तो गप्प बसला. आणि मग मला त्याचे दात वाजताना ऐकू आले. इंजिनच्या आवाजातही.

दोन-तीन वळणं गेली. मग मीच म्हणालो, "हवेचा." तो म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "ब्रेक. हवेचा आहे." आणि पुढचा सगळा रस्ता मी त्याला ब्रेक कसा चालतो ते सांगत गेलो, टाकीत हवा कशी भरते, प्रेशर कमी झालं तर काय होतं. बोलता बोलता माझाही हात स्टिअरिंगवर सैल झाला. द्रासच्या अलीकडे ते सगळे उतरले. आवाज न करता उतरायचं होतं. त्याने पिठ्ठू पाठीवर घेतला, खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "उतरताना ब्रेक जपून."

त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. १३ जूनला तोलोलिंग आपल्याकडे आलं, ४ जुलैला टायगर हिलवर तिरंगा लागला, २६ जुलैला लढाई संपल्याचं जाहीर झालं. आपले ५२७ गेले. वर्तमानपत्रांत फोटो यायचे ते मी एकेक करून बघितले. ते कागदावरचे चेहरे, टोपी घातलेले, आणि मी त्याला पाहिलं होतं ते अंधारात, एका बाजूने. तो त्यांत होता की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

थोरली, तुझ्या भावाने तुझ्यापासून काही लपवलं नाही. त्याला धरायला काहीतरी हवं होतं. घरात एक काम अर्धवट आहे, ते कसं करायचं हे त्याला नीट माहीत आहे, आणि त्या कामाला त्याची गरज आहे. तो टाकीचा बॉल म्हणजे त्याचा पांढरा गोळा होता. तू तो बाजूला सारलास. तुझी चूक नाही, मीही खेकसलोच होतो. पुढच्या फोनला टाकीचंच बोल.

रणझुंजार, तुमच्या भावना मी समजतो, राग मानू नका. पण पोराला वाघ म्हटलं की त्याला वाघासारखंच बोलावं लागतं. मग "तोंड कोरडं पडतं" हे तो कोणाला सांगणार?

सिस्टर:

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झाले. गाडीवान दादांनी जे लिहिलंय ते वॉर्डमध्ये मी कितीतरी पोरांच्या तोंडून ऐकलं, आणि प्रत्येकाला वाटायचं की हे फक्त आपल्यालाच होतं. "सिस्टर, मी भित्रा आहे का?" हा प्रश्न हाताला पट्टी बांधताना हळूच यायचा, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही असा.

भित्रेपणाचा याच्याशी काही संबंध नाही. धोक्याची चाहूल लागली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. हृदय जोरात चालतं, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. लाळ कमी होते. पचन मंदावतं, म्हणून पोटात गोळा येतो. लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. हे शरीर तयार होण्याचं लक्षण आहे. शूर म्हणून पदक मिळालेल्यांनाही हे होतं.

वैद्यकालाही हे उशिरा कळलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखात वापरला. तेव्हा समज असा होता की तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते. पण जे गोळ्याच्या जवळपासही नव्हते त्यांनाही तोच त्रास होताना दिसला. त्या काळात किती पोरांवर पळपुटेपणाचा शिक्का बसला असेल, या विचाराने आजही मन विषण्ण होतं.

थोरली, आत्ता तुझ्या भावाला जे होतंय त्याला आजार समजू नकोस. परत आल्यावर मात्र लक्ष ठेव. झोप लागत नाही, दार आपटलं तरी दचकतो, तेच तेच डोळ्यासमोर येतं, माणसं टाळतो, आणि हे महिन्याहून जास्त चाललं, तर लष्करी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला दाखवायचं. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः पोरांना हाताला धरून त्या दारापर्यंत नेलंय.

पत्र_क्रमांक_पाच:

माझे यजमान ऑपरेशन पराक्रममध्ये होते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर गेली ती पुढची दहा महिने तिथेच. युद्ध झालंच नाही. पण रोज वाटायचं, आज होईल. आमच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते.

फोन क्वचित, म्हणून पत्रं. पत्ता फक्त नंबर, नाव, पलटण आणि "मार्फत ५६ एपीओ", म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. माणूस कुठे आहे ते पाकिटावरून कळत नाही. मी रोज लिहायची. पण पत्रं मागेपुढे पोचायची. आईला ताप आल्याचं पत्र आधी मिळायचं, बरी झाल्याचं पंधरा दिवसांनी. मधले पंधरा दिवस ते तिकडे तळमळायचे. मग मी पाकिटावर आकडा घालायला लागले. एक, दोन, तीन. पाच नंबरचं मिळालं आणि चार नंबरचं नाही, तर त्यांना कळायचं की मध्ये काहीतरी यायचंय.

त्यांची उत्तरं दोन ओळींची असायची. "क्र. ११ मिळालं. शेवग्याचं झाड तोडू देऊ नकोस." मी रडायची, माझ्याबद्दल एक शब्द नाही म्हणून. परत आले तेव्हा पिठ्ठूत माझी सगळी पत्रं होती, क्रमाने लावून, दोऱ्याने बांधलेली. अकरा नंबरच्या घड्या इतक्या वेळा उलगडल्या होत्या की कागद चार तुकडे झाला होता. त्यात मी फक्त झाडाला आलेल्या शेंगांचं लिहिलं होतं.

थोरली, आता मोबाईल आहेत तरी पत्र लिही. फोन संपतो. कागद खिशात राहतो.

थोरली:

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. गाडीवान काका, तुमचं मी आईला वाचून दाखवलं. तिने मध्येच उठून पाणी प्यायलं आणि परत येऊन म्हणाली, पुढचं वाच.

परवा मी प्लंबरला न बोलावता स्वतः गच्चीवर गेले आणि टाकीचा बॉल बदलला. दोन तास लागले. जुना बॉल फुटून आत पाणी भरलं होतं, म्हणून तो वर येतच नव्हता.

काल रात्री फोन आला. मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "बॉल बदलला." त्याने विचारलं, अर्ध्या इंचाचा का? वॉशर घातलास का? टेफ्लॉन टेप किती वेढे मारलीस? मी म्हणाले पाच-सहा. म्हणाला, कमी आहे, दहा तरी मार, नाहीतर महिन्याभरात गळेल. सहा मिनिटं आम्ही टाकीवर बोललो. मध्ये एकदा तो हसला.

मग जरा थांबून म्हणाला, "ताई, आपली आई किती वर्षांची गं?"

काका, तुमचं वाचलं नसतं तर मी म्हणाले असते, हे काय आता मध्येच? मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी होते. म्हटलं, बावन्न. येत्या श्रावणात त्रेपन्न होईल. तो म्हणाला, "बावन्न." मागे कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं.

मी का विचारतोस ते विचारलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बॉल पितळेचा घेतलास की प्लास्टिकचा?"